पहिला व्हीआयओएस रीबूट केला तर काही होत नाही, दुसरा केला की एलपार हँग: डुअल व्हीआयओएसचा दर पॅचिंगला येणारा प्रॉब्लेम

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमची केस हीच आहे का ते कळेल. आयबीएम पॉवरची पेटी, त्यावर दोन व्हीआयओएस (व्हर्च्युअल आयओ सर्व्हर, काय ते खाली सांगतो), खाली एआयएक्सचे (आयबीएमचं युनिक्स) पंधरा-वीस एलपार (पेटीचे भाग पाडून केलेली स्वतंत्र मशीन), डिस्क व्हर्च्युअल स्कझीने, म्हणजे व्हीआयओएसमार्फत, दिलेल्या. शनिवारी रात्री पॅचिंगला पहिला व्हीआयओएस रीबूट केला, एकही एलपार हलला नाही, सगळे खूश. पुढच्या शनिवारी दुसरा रीबूट केला आणि थोड्याच वेळात फोन सुरू. अर्धे एलपार हँग, कन्सोलवर लॉगिन प्रॉम्प्ट येतो पण पासवर्ड टाकला की पुढे काहीच नाही, डेटाबेस अडकलेला, एखाद-दुसरं मशीन सरळ क्रॅश. मग तो व्हीआयओएस परत वर आला, एलपार रीबूट मारले, सगळं ठीक झालं, आरसीएमध्ये (बिघाडाच्या कारणाच्या अहवालात) "स्टोरेज ग्लिच" लिहून तिकीट बंद. आणि पुढच्या क्वार्टरच्या पॅचिंगला परत तेच.

स्टोरेजवाल्यांचा यात बहुतेक वेळा काही संबंध नसतो, ते बिचारे लॉग काढून काढून दमतात. ही केस मी वेगवेगळ्या क्लायंटकडे इतक्यांदा बघितलीय की आता फोनवर "पहिला झाला तेव्हा ठीक होतं, दुसऱ्याला गेलं" एवढं ऐकलं तरी पुढचं विचारायची गरज पडत नाही.

ज्यांनी पॉवर फारसं हाताळलेलं नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. व्हीआयओएस म्हणजे वेगळं काही हार्डवेअर नाही, तो पण एक एलपारच, फक्त खरी एफसी (फायबर चॅनेल, स्टोरेजची) कार्डं आणि खरी नेटवर्क कार्डं त्याच्या ताब्यात असतात आणि बाकीच्या एलपारना तो त्यातला वाटा व्हर्च्युअल अॅडॅप्टरमधून देतो. २००४ मध्ये पॉवर फाइव्हबरोबर हे आलं आणि तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे. व्हीआयओएस एकच असेल तर तो बंद म्हणजे खालचे सगळे बंद, म्हणून दोन ठेवायचे, तोच लन (स्टोरेजमधून दिलेली डिस्क) दोघांकडून प्रत्येक एलपारला द्यायचा, एलपारमध्ये व्हीस्कझी झीरो आणि व्हीस्कझी वन असे दोन अॅडॅप्टर दिसतात आणि एका एचडिस्कला (एलपारला दिसणाऱ्या डिस्कला) दोन पाथ, म्हणजे तिथपर्यंत जायचे दोन रस्ते, मिळतात. कागदावर सगळं रिडंडंट.

आता गडबड कुठे होते ते बघा. पहिला व्हीआयओएस खाली गेला, एलपारने तो पाथ फेल्ड मार्क केला, एररलॉगमध्ये "पाथ हॅज फेल्ड" अशी एंट्री पडली, आणि आयओ (डिस्कवरचं लिहिणं-वाचणं) दुसऱ्या पाथवरून चालू राहिला. इथपर्यंत सगळं जसं व्हायला पाहिजे तसंच. मग व्हीआयओएस परत आला. पण तो आला हे एलपारला कळणार कसं? त्यासाठी हेल्थ चेक असतो, म्हणजे दर काही सेकंदांनी एलपार त्या बंद पडलेल्या पाथवर विचारून बघतो की बाबा आलास का. आणि व्हर्च्युअल स्कझी डिस्कवर या हेल्थ चेकचा, म्हणजे एचचेक इंटरव्हलचा, डिफॉल्ट आहे शून्य. शून्य म्हणजे बंद. त्यामुळे व्हीआयओएस आठवडाभर धडधाकट उभा असतो, एचएमसीवर (पेटीच्या मॅनेजमेंट कन्सोलवर) हिरवा दिसतो, मॉनिटरिंगमध्ये हिरवा दिसतो, आणि एलपारच्या हिशोबात तो अजून मेलेलाच असतो. पुढच्या शनिवारी तुम्ही दुसरा खाली घेता, म्हणजे त्या एलपारचा उरलेला एकमेव पाथ काढून घेता.

दोन शनिवारांच्या मधल्या काळात ज्या एलपारना स्वतःला रीबूट मिळाला त्यांचे पाथ आपोआप परत येतात, म्हणून अर्धेच एलपार पडतात आणि त्यात काही पॅटर्न दिसत नाही. लोक मग ओएस लेव्हल, फर्मवेअर, डिस्कची साइज असलं काहीतरी जुळवत बसतात. त्यापेक्षा पडलेल्या आणि न पडलेल्या एलपारचा अपटाइम शेजारी शेजारी लिहा, लगेच दिसेल.

चेक करायला एलपारवर एलएसपाथ (पाथची यादी दाखवणारी कमांड) मारा. सगळे जण मारतात आणि सगळे जण ग्रेपने इनेबल्डच्या ओळी गाळून टाकतात, आउटपुट रिकामं आलं की "पाथ क्लीन आहेत" असं चेंज तिकिटात लिहितात. हे अर्धवट आहे. फेल्ड, मिसिंग, डिफाइन्ड हे त्यात सापडेल हो, पण ज्या डिस्कला दुसरा पाथ कधी दिलाच नाही ती डिस्क या गाळणीत दिसणारच नाही, कारण तिचा जो एकुलता एक पाथ आहे तो मस्त इनेबल्ड आहे. घाईत एखादा लन वाढवून दिला, पहिल्या व्हीआयओएसवर मॅप केला, दुसऱ्यावर "उद्या करतो" म्हणून राहिला, असं हमखास असतं. म्हणून डिस्कप्रमाणे पाथ मोजा, दोनपेक्षा कमी असलेली प्रत्येक डिस्क कागदावर घ्या. एक छोटी ऑकची ओळ लागते, त्यात काही रॉकेट सायन्स नाही.

फेल्ड पाथ आत्ताच्या आत्ता परत आणायला सीएचपाथने स्टेट इनेबल करा, डिस्क आणि पॅरेंट अॅडॅप्टरचं नाव देऊन. चालू मशीनवर होतं, डाउनटाइम लागत नाही. मिसिंग असेल तर आधी सीएफजीएमजीआर (डिव्हाइस नव्याने शोधणारी कमांड) मारून बघा.

कायमचा इलाज म्हणजे एचचेक इंटरव्हल ६० करणं. हा आकडा त्या लनच्या रीड-राइट टाइमआउटपेक्षा कमी ठेवू नका. आणि उगाच पाच-दहा पण करू नका, शंभर डिस्क असलेल्या पेटीवर तो चेकचाच आयओ वाढत जातो आणि फायदा काही नाही. हेल्थ चेकचा मोड नॉनअॅक्टिव्ह असतो तो तसाच राहू द्या.

हे तर सगळ्या चेकलिस्टमध्ये लिहिलेलं असतं, मग परत परत का होतं? माझं म्हणणं असं की सेटिंग माहीत नसते म्हणून फार कमी ठिकाणी होतं. सेटिंग केलेली असते आणि ती लागू झालेली नसते, किंवा तेव्हा असलेल्या डिस्कवर केलेली असते आणि नंतर आलेल्या डिस्कवर नसते, या दोन कारणांनीच बहुतेक ठिकाणी परत होतं.

पहिलं कारण नीट समजून घ्या. डिस्क वापरात असताना सीएचडेव्ह (डिव्हाइसची सेटिंग बदलणारी कमांड) साधा मारला तर डिव्हाइस बिझी म्हणून नाही म्हणतो, म्हणून आपण मायनस कॅपिटल पी लावतो. त्याने बदल फक्त ओडीएममध्ये (एआयएक्सच्या कॉन्फिगरेशनच्या डेटाबेसमध्ये) लिहिला जातो, कर्नलमध्ये चालू असलेली व्हॅल्यू तीच जुनी. गंमत पुढे आहे, त्यानंतर एलएसअॅटर मारलं तर ते ओडीएम वाचतं आणि ६० दाखवतं. ऑडिटवाल्याने स्क्रीनशॉट घेतला, ६० आहे, बरोबर आहे, सही. प्रत्यक्षात मशीन शून्यावरच पळतंय, आणि बँकेचं प्रॉडक्शन असलं की एलपारला रीबूट वर्षभर मिळत नाही, मार्चला इयर एंड फ्रीज, दिवाळीला फ्रीज. तेव्हा एलएसअॅटरमध्ये ६० दिसलं तरी बदल कधी केला आणि एलपार त्यानंतर बूट झालाय का, हे दोन्ही बघा. नव्या एआयएक्स लेव्हलवर एलएसअॅटरच्या शेवटच्या कॉलममध्ये नुसतं ट्रू न येता ट्रू प्लस आलं असेल तर तुम्ही सुटलात, तिथे मायनस कॅपिटल यू लावून चालू डिस्कवर लगेच बदल होतो, रीबूटची वाट बघायची गरज नाही. बरेच जण अजून जुन्या सवयीने कॅपिटल पीच मारतात.

दुसरं कारण म्हणजे नवीन डिस्क. आज तुम्ही चाळीस डिस्कवर ६० केलं, पुढच्या महिन्यात डीबीए म्हणाला आर्काइव्हला जागा नाही, आणखी चार लन आले, सीएफजीएमजीआर मारला, व्हीजीत (व्हॉल्यूम ग्रुपमध्ये) घातले, झालं. त्या चार डिस्क परत शून्यावर. यासाठी सीएचडेफ कमांड आहे, क्लास डिस्क, सबक्लास व्हीस्कझी, टाइप व्हीडिस्क देऊन डिफॉल्टच ६० करून टाका, म्हणजे यापुढे येणारी प्रत्येक व्हर्च्युअल स्कझी डिस्क ६० घेऊनच येईल. आणि हे तुमच्या गोल्डन इमेजमध्ये घाला, त्यातून निघणारा प्रत्येक एलपार सुटेल. हे एक काम केलं तर या अख्ख्या पोस्टची निम्मी गरज संपते.

आता त्याच्या शेजारची दोन सेटिंग, ही डिस्कवर नसतात, एलपारमधल्या व्हीस्कझी अॅडॅप्टरवर असतात. एक व्हीस्कझी एरर रिकव्हरी, ती डिलेड फेल असते, डुअल व्हीआयओएस असेल तर फास्ट फेल करा. दुसरी व्हीस्कझी पाथ टाइमआउट, तीही डिफॉल्ट शून्य, ती ३० करा. ही दुसरी का लागते हे कळलं पाहिजे, कारण ती नसली तर टेस्टमध्ये पकडली जात नाही. व्हीआयओएस तुम्ही शटडाउन केला किंवा तो क्रॅश झाला तर हायपरवायजर एलपारला सांगतो की समोरचा गेला, पाथ लगेच फेल होतो. पण व्हीआयओएस मेला नाही, नुसता लटकला, मेमरी संपली किंवा खाली स्वतःच्याच डिस्कवर अडकला, तर कनेक्शन जिवंत दिसतं आणि एलपार वाट बघत बसतो. ३० ठेवलं की एलपार समोरच्याला अधूनमधून हाक मारतो आणि ३० सेकंदांत ओ आली नाही तर दुसऱ्या पाथवर जातो. एकच व्हीआयओएस असलेल्या एलपारवर मात्र या दोन्हींच्या वाटेला जाऊ नका.

एलपारची बाजू झाली. आता व्हीआयओएसवर.

तिथे सगळ्यात जास्त रडवते ती रिझर्व्ह पॉलिसी. व्हीआयओएसवरच्या डिस्कला डिफॉल्ट असतं सिंगल पाथ, म्हणजे ज्याने डिस्क आधी उघडली तो तिच्यावर रिझर्व्ह टाकून बसतो. मग दुसऱ्या व्हीआयओएसवर तोच लन मॅप करायला गेलात तर एरर येते, किंवा मॅपिंग झालं तरी तिकडचा पाथ चालत नाही. नो रिझर्व्ह करायचं, दोन्ही व्हीआयओएसवर, आणि मॅप करायच्या आधी. मॅप झाल्यावर आठवलं तर मॅपिंग काढून परत लावायला लागतं, तेही एका वेळी एका व्हीआयओएसवर, एलपारला दुसऱ्या पाथवर उभं ठेवून. याच वेळी एफस्कझी डिव्हाइसवर एफसी एरर रिकव्हरी फास्ट फेल आणि डायनॅमिक ट्रॅकिंग यस आहे ना तेही बघून घ्या, नाहीतर सॅन स्विचवर जरा काही झालं की व्हीआयओएस स्वतःच बराच वेळ अडकून बसतो. नव्या व्हीआयओएसवर रूल्स नावाची कमांड आहे, ती शिफारस केलेली सेटिंग एकदम लावून देते, नवीन सेटअप असेल तर तिथूनच सुरुवात करा.

मॅपिंगमधला अजून एक धोका, आणि हा नुसता डाउनटाइमचा नाही. पहिल्या व्हीआयओएसवरची एचडिस्क १२ आणि दुसऱ्यावरची एचडिस्क १२ हा एकच लन असेल याची काहीही गॅरंटी नाही. सुरुवातीला नंबर जुळलेले असतात, मग मधे एखादा लन एकीकडे काढला, दुसरीकडे उशिरा स्कॅन केला, की नंबर सरकतात. आणि आपण सवयीने दोन्हीकडे १२ मॅप करतो. नशीब बरं असेल तर एलपारला एका डिस्कच्या जागी दोन वेगळ्या डिस्क दिसतात आणि तुम्हाला शंका येते. नशीब फुटकं असेल तर दुसऱ्या व्हीआयओएसवरची ती १२ नंबरची डिस्क दुसऱ्याच कोणाच्या तरी डेटाबेसची असते, आणि नो रिझर्व्ह आपणच करून ठेवलंय म्हणजे अडवणारं कोणी नाही. एलएसपीव्हीला मायनस यू लावून युनिक आयडी बघा, दोन्हीकडचे जुळवा, मगच मॅप करा. मॅपिंगच्या डिव्हाइसला नाव देताना त्यात एलपारचं नाव आणि लनचा शेवटचा आकडा घाला, रात्री दोन वाजता एलएसमॅप (मॅपिंगची यादी) वाचणाऱ्याचे आशीर्वाद मिळतील. आणि व्हीआयओएसच्या स्वतःच्या व्हीजीतून लॉजिकल व्हॉल्यूम कापून दिला असेल तर तो दुसऱ्या व्हीआयओएसला दिसूच शकत नाही, तिथे हा मल्टिपाथचा खेळ नाहीच, दोन्हीकडून एकेक घेऊन एलपारमध्ये एलव्हीएम मिरर करायचं.

व्हर्च्युअल स्कझीवर एका डिस्कसाठी फक्त फेलओव्हर चालतं, दोन्ही पाथवर एकदम लोड जात नाही. म्हणून अर्ध्या डिस्कची पाथ प्रायोरिटी एका व्हीआयओएसकडे आणि अर्ध्यांची दुसऱ्याकडे लावा, नाहीतर सगळं ओझं पहिल्यावर आणि दुसरा बसून.

आता प्रोफाइलचा घोळ, जो लोकांना भुताटकी वाटतो. व्हीआयओएस नुसता रीस्टार्ट केला तर सगळं जागेवर. पण हार्डवेअरच्या कामासाठी पूर्ण बंद केला आणि एचएमसीवरून प्रोफाइल सिलेक्ट करून अॅक्टिव्हेट केला, तर काही व्हीहोस्ट (व्हीआयओएसच्या बाजूचे व्हर्च्युअल स्कझी अॅडॅप्टर) गायबच, आणि त्यांच्यामागचे एलपार एका पाथवर. कारण साधं आहे, ते व्हर्च्युअल अॅडॅप्टर चालू मशीनला डीएलपारने (रीबूट न करता बदल करायची सोय) जोडलेले होते, प्रोफाइलमध्ये कोणी सेव्ह केलेच नाहीत. एनपीआयव्हीमध्ये (एलपारला स्वतःचा व्हर्च्युअल एफसी पोर्ट देण्याच्या पद्धतीत) हे जास्त महागात पडतं. डीएलपारने व्हर्च्युअल एफसी अॅडॅप्टर जोडला, त्याला डब्ल्यूडब्ल्यूपीएनची (एफसी पोर्टच्या पत्त्याची) एक जोडी मिळाली, स्टोरेजवाल्यांनी त्यावर झोनिंग केलं, म्हणजे स्विचवर त्या पत्त्याला स्टोरेजची वाट दिली. मग कोणीतरी शहाणपणाने तोच अॅडॅप्टर प्रोफाइलमध्ये हाताने टाइप केला, आणि एचएमसीने त्याला नवीन जोडी दिली. चालू आहे तोवर कळत नाही, पुढच्या अॅक्टिव्हेशनला एलपार नव्या डब्ल्यूडब्ल्यूपीएनने लॉगिन करतो आणि त्याला एकही डिस्क दिसत नाही. हाताने टाइप करायचंच नाही, चालू कॉन्फिगरेशन प्रोफाइलमध्ये सेव्ह करायचा ऑप्शन एचएमसीवर आहे तो वापरा, आणि प्रोफाइल आपोआप सिंक ठेवायची सेटिंग चालू करून टाका. जोडीतला दुसरा डब्ल्यूडब्ल्यूपीएन लाइव्ह पार्टिशन मोबिलिटीच्या (चालू एलपार दुसऱ्या पेटीवर हलवण्याच्या) वेळीच जागा होतो, एरवी स्विचवर दिसत नाही, म्हणून झोनिंगमधून सुटतो, तोही झोन करून घ्या.

नेटवर्कची बाजू वेगळी आहे पण रीबूटच्या रात्रीच तीही उघडी पडते. दोन्ही व्हीआयओएसवर शेअर्ड इथरनेट अॅडॅप्टर, एक प्रायमरी एक बॅकअप, कोण प्रायमरी हे ट्रंक प्रायोरिटीवर ठरतं, आणि दोघं कंट्रोल चॅनेलवरून एकमेकांची खबर ठेवतात. दोघांची प्रायोरिटी वेगवेगळीच पाहिजे. कंट्रोल चॅनेल तुटला किंवा एकीकडे फेलओव्हर मोड लावायचाच राहिला की एका गावात दोन पाटील झाले, दोघंही ब्रिजिंग सुरू करतात, नेटवर्कमध्ये लूप तयार होतो आणि ब्रॉडकास्ट स्टॉर्म तुमच्या पेटीपुरता राहत नाही, त्या व्हीलॅनमधले सगळेच आडवे होतात. स्विचच्या पोर्टवर बीपीडीयू गार्ड लावून घ्या, मग लूप झाला तर पोर्ट बंद पडेल पण बाकीचं फ्लोअर वाचेल. नेटवर्क टीम नाही म्हणाली तरी मागे लागा.

फेलओव्हर झालं पण ३० सेकंद पिंग गेलं, ही तक्रार आली तर पोर्टवर पोर्टफास्ट नाही, स्पॅनिंग ट्री १५ सेकंद लिसनिंग आणि १५ सेकंद लर्निंग करत बसतो. आणि फेलओव्हर झालंच नाही, ही तक्रार आली तर बघा की व्हीआयओएस ते स्विच ही लिंक जिवंत होती का आणि त्याच्या पुढचा अपलिंक मेला होता का. लिंक वर आहे तोवर प्रायमरी जागा सोडत नाही. त्यासाठी नेटअॅड्रेस म्हणून एक सेटिंग आहे, तिथे गेटवेचा आयपी द्या, तो पिंग झाला नाही की बॅकअपकडे जातं.

रीबूटच्या आधी शेअर्ड इथरनेटचा एचए मोड हाताने स्टँडबाय करा, म्हणजे नेटवर्क तुमच्या समोर, तुमच्या वेळेला दुसरीकडे जाईल. एंटस्टॅटमध्ये (नेटवर्क कार्डाची स्थिती दाखवणारी कमांड) स्टेट बॅकअप दिसलं आणि दुसरीकडच्या एररलॉगमध्ये "बिकम प्रायमरी" पडलं की मग रीबूट मारा. व्हीआयओएसबीआरने मॅपिंगचा बॅकअप आधी काढून तो पेटीबाहेर ठेवा. व्हीआयओएस परत आला की एचए मोड ऑटो करा, आणि मग सगळ्यात महत्त्वाचं, दुसऱ्याला हात लावायच्या आधी प्रत्येक एलपारवर, परत सांगतो प्रत्येक, डिस्कप्रमाणे पाथ मोजा. मॅनेजर म्हणेल विंडो संपत आलीय, दोन्ही आजच उरकून टाका. उरका, पण ती मोजणी एका स्क्रिप्टने सगळ्या एलपारवर पाच मिनिटांत होते, तेवढी केल्याशिवाय दुसरा खाली घ्यायचा नाही.

शेवटी बूटलिस्ट, म्हणजे कुठल्या डिस्कवरून बूट करायचं त्याची यादी, जी कोणी बघत नाही. रूटव्हीजीच्या (ओएस असलेल्या) डिस्कला दोन पाथ आहेत म्हणून बूटलिस्टमध्ये पण दोन असतीलच असं नाही. बूटलिस्टच्या आउटपुटमध्ये एचडिस्क झीरो दोनदा दिसली पाहिजे, पाथ आयडी शून्य आणि पाथ आयडी एक. एकदाच दिसली, आणि तिचा व्हीआयओएस नेमका खाली असताना एलपार रीबूट झाला, तर सगळे पाथ व्यवस्थित असूनही त्याला बूट डिस्क सापडत नाही आणि तो एसएमएस मेन्यूत (फर्मवेअरच्या बूट मेन्यूत) जाऊन बसतो. पाथ नव्याने जोडले असतील तर बूटलिस्ट दोन्ही पाथ आयडी देऊन परत लिहा.